आभाळाची हाक

१

पहिल्यांदा तो तसा ओरडला तेव्हा आभाळात घार होती की नव्हती, हे प्राध्यापकांना आता छातीठोकपणे सांगता येत नाही. लेकीला ही हकिकत त्यांनी दोनदा सांगितली. एकदा सांगताना घार होती, दुसऱ्यांदा नव्हती. लेकीने ते नेमकं पकडलं. म्हणाली, "बाबा, तुमच्या वर्गात एखाद्याने असं उत्तर दिलं असतं तर तुम्ही त्याला बाकावर उभं केलं असतं." ते हसले. पण त्या दिवसापासून त्यांनी गोष्टीतून घार काढूनच टाकली. जन्मभर तर्कशास्त्र शिकवलं होतं. जे नक्की आठवत नाही त्यावर भार टाकू नये, एवढी शिस्त अंगात मुरली होती.

नक्की आठवतं ते एवढंच. दुपार होती. परसातल्या दोरीवर बायको कपडे वाळत घालत होती. डोक्यावर तिची रुंद काठाची गवती टोपी, दातांत चिमटा. खिडकीतून साबणाचा वास येत होता. आणि कोंबडा ओरडला.

तो ओरडण्यात काही नवल नव्हतं. ते त्याचं कामच होतं. त्याचं नाव बायकोने मुकादम ठेवलं होतं. दिवसभर कंबरेवर हात ठेवल्यासारखा हिंडायचा, बाकीच्यांना कामाला लावायचा आणि स्वतः दाणाही टिपायचा नाही. सकाळी खुराड्याची कडी निघाली की आधी तो बाहेर यायचा. उंबऱ्यावर थांबून एक डोळा जमिनीला आणि मान वाकडी करून दुसरा आभाळाला लावायचा. त्याचं समाधान झालं की मग मागून जाडी, काळी, लंगडी आणि मास्तरीण या कोंबड्या. संध्याकाळी उलट, चौघी आत गेल्याशिवाय हा आत पाऊल टाकायचा नाही.

कोंबड्या पाळायची हौस बायकोची. निवृत्तीनंतर तिने शिवणयंत्रावर झाकण घातलं आणि परसाकडे मोर्चा वळवला. भिंतीवर काटेरी फांद्या तिने बसवल्या, कारण तिथे शेजारपाजारचा एक बोका ठाण मांडायचा. त्याचा एक कान अर्धा होता, म्हणून तो कानतुट्या. घारींना बुजवायला तिने गाण्यांच्या जुन्या सीडीच्या चकत्या दोऱ्याला टांगल्या, त्या वाऱ्यावर लकाकायच्या. खुराड्यापुढच्या तुकड्यावर वरून जाळी ताणली. प्राध्यापकांच्या वाट्याला फक्त काळजी आली. खुराड्याची कडी लावली की नाही, हे पाहायला ते रोज परत जायचे आणि परत येऊन पुन्हा विचारायचे, "अगं, लागली होती ना?"

"लागली होती," ती म्हणायची. "आता तुमच्या डोक्याला पण एक कडी बसवून घेऊ या."

२

मुकादमाच्या हाका तिनेच त्यांना शिकवल्या. त्या तीन होत्या.

पहिली खाऊची. दाणा किंवा किडा सापडला की "टुक टुक टुक" करत तो घास चोचीत उचलायचा, खाली टाकायचा, पुन्हा उचलायचा. मग कोंबडी धावत येऊन खायची आणि हा ऐटीत बाजूला व्हायचा.

दुसरी जमिनीची हाक. बोका किंवा कुत्रं दिसलं की तुटक, संतापलेला कलकलाट. कोंबड्या ताठ उभ्या राहून त्याच्याकडे पाहायच्या.

तिसरी आभाळाची. ती एकच असायची, लांब आणि बारीक, दगडावरून पत्रा ओढल्यासारखी. ती आली की कोंबड्या कुणाकडेच पाहायच्या नाहीत. जवळ आडोसा असेल तर त्याखाली शिरायच्या, नसेल तर जागच्या जागी जमिनीला चिकटून दगड व्हायच्या.

"असा फरक कशाला?" प्राध्यापकांनी विचारलं होतं.

"बोक्याला तो सांगतो, बेट्या, मी तुला पाहिलंय. बोका चोर आहे, पाहिलं म्हटल्यावर पळतो. वरून येणाऱ्याला पाहिलं म्हणून सांगून काय फरक पडतो? म्हणून तिथे तो फक्त आपल्या माणसांना सांगतो."

त्या दुपारी आली ती तिसरी हाक. चौघी लिंबाच्या झाडाखाली गडप झाल्या. बायको दोरीपाशी उभी होती. तीही गंमत म्हणून टोपी धरून मटकन खाली बसली आणि खिडकीकडे पाहून हसली. प्राध्यापक बाहेर आले. आभाळ (इथे ते आता अडखळतात, तर असो) निदान त्यांनी पाहिलं तेव्हा रिकामं होतं. धुतलेल्या ताटासारखं.

पण मुकादम आभाळाकडे पाहत होताच. तो क्षितिजाकडे पाहत नव्हता, घार दिसावी तशा तिरक्या कोनातही नाही. मान पूर्ण वाकडी करून तो बरोबर तिच्या डोक्यावर पाहत होता.

३

मग ते रोजचं झालं. दुपारी ती परसात गेली की थोड्या वेळाने ती हाक यायची. ती खाली बसायची, कोंबड्या लपायच्या, थोड्या वेळाने सगळ्या उठून कामाला लागायच्या.

"तू कशाला बसतेस?" ते विचारायचे.

"मुकादमाचा हुकूम आहे. मोडला तर पगार कापेल." पगार म्हणजे तो कधी कधी तिच्या पायाशी आणून टाकायचा तो दाणा. टुक टुक करायचा, दाणा टाकायचा आणि मान वर करून तिच्या तोंडाकडे पाहायचा. तिने वाकून दाणा उचलल्यासारखं केलं की मगच समाधानाने बाजूला व्हायचा. "अहो, तो मला त्याच्यातलीच समजतो. पाचवी."

एकदा पाऊस भुरभुरत होता म्हणून ती मागच्या ओसरीत खुर्ची टाकून उसवलेली बाही शिवत बसली. प्राध्यापक शेजारी वाचत होते. मुकादम पायरी चढून वर आला. त्याला ओसरीत यायची बंदी होती, पण तिने हाकललं नाही. तो तिच्या खुर्चीपाशी उभा राहिला, मान वाकडी केली, एक डोळा वर लावला आणि ती लांब हाक दिली.

वर छत होतं. लाकडी तक्तपोशी, मधोमध एक दिवा, एका कोपऱ्यात जुना ओलीचा डाग. प्राध्यापकांनी पुस्तक खाली ठेवून वर पाहिलं आणि बराच वेळ पाहत राहिले. पाल नव्हती. कोळीही नव्हता.

"अगदीच म्हातारा झाला हा," ते म्हणाले. "छताला घाबरतो."

तिच्या हातातली सुई थांबली होती. तिने खुर्ची हळूच भिंतीला लावून घेतली, पाठ भिंतीला टेकवली आणि मग हसल्यासारखं करून म्हणाली, "छताला नाही घाबरत तो. छताच्या वर काय आहे ते तुम्हाला दिसतंय का?"

४

प्राध्यापकांनी याचा रीतसर विचार केला. शंका आली की ती सोडवेपर्यंत त्यांना घास गोड लागत नसे. आधी ते स्वतः दुपारी परसात जाऊन बसले. मुकादमाने ढुंकूनही पाहिलं नाही. मग त्यांनी तिची टोपी घालून पाहिली. तरी नाही. मग ती बाहेर आली आणि हाक आली. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी त्यांनी तिला टोपीशिवाय पाठवलं, हाक आलीच.

म्हणजे हाकेचा संबंध आभाळाशी नव्हता. हाकेचा संबंध तिच्याशी होता. इथवर त्यांचं बरोबर होतं, असं त्यांना अजूनही वाटतं. पुढची पायरी मात्र त्यांनी फार विश्वासाने घेतली. तो तिच्यामुळे ओरडतो, याचा अर्थ तो तिला पाहून घाबरतो. ती हात उंच करते, ओले कपडे झटकते, चादर फडफडते. खालून पाहणाऱ्या कोंबड्याला ते पंखच वाटत असणार. साधं, सरळ उत्तर.

"म्हणजे मी घार," ती म्हणाली.

"त्याच्या लेखी."

"आणि घारीला कुणी दाणे आणून देतं का हो?"

ते म्हणाले, "ती वेगळी सवय. दोन गोष्टी एकत्र करू नकोस. आणि कृपा करून ते खाली बसणं बंद कर. गुडघे दुखतात तुझे. शिवाय तू बसतेस म्हणून त्याला वाटतं आपलं बरोबर आहे. भ्रमाला खतपाणी कशाला?"

तिने लगेच ऐकलं नाही. चार दिवस बसतच राहिली. मग एकदा उठताना तोल गेला, हात खरचटला आणि प्राध्यापक इतके रागावले की तिने मान डोलावली. "बरं बाबा. नाही बसत. तुमच्या तर्काला माझा नमस्कार."

५

त्याच सुमारास जाडी गेली.

ती जाळीखालच्या तुकड्यात होती. खुडूक झाली होती, अंडी उबवायला एका जागी बसून राहायची, म्हणून बायकोने तिला वेगळं ठेवलं होतं. वर ताणलेली जाळी, बाजूला दाट तार, दाराला कडी. कडी लावलेली होती. प्राध्यापकांनी ती स्वतः जाऊन पाहिली होती, आणि दुसऱ्यांदाही. दुपारी हाक आली आणि शमली. बायको पाणी बदलायला गेली तर तुकडा रिकामा. जाळी शाबूत, तार शाबूत. रक्त नाही, एक पीसही नाही. जिथे ती बसायची तिथल्या मातीत तिच्या अंगाचा खोलगट ठसा होता आणि तो अजून उबदार होता.

"कानतुट्या," प्राध्यापक म्हणाले.

"कुठून नेली?"

"बोक्याला वाट सापडते."

"कानतुट्या तिथे बसलाय," ती म्हणाली. "मघापासून तिथेच आहे."

तो खरंच भिंतीवर होता, काट्यांच्या मधल्या फटीत. पण बसलेला नव्हता. पोट विटेला चिकटवून, अर्धा आणि पुरा असे दोन्ही कान मागे पाडून, शेपूट अंगाखाली घेऊन तो भिंतीला लागला होता. तसाच, जशा कोंबड्या जमिनीला लागायच्या. मुकादमाने ज्याला जन्मभर शिव्या घातल्या, तो मुकादमाची हाक पाळत होता. त्याचे डोळे वर होते. थोड्या वेळाने तो पोटावरच सरपटत पलीकडे उतरला आणि नंतर त्या भिंतीवर कधी दिसला नाही.

बायकोने संध्याकाळी काटेरी फांद्या काढून टाकल्या. "आता कुणासाठी ठेवायच्या?" म्हणाली.

प्राध्यापकांच्या मनात पाल चुकचुकली नाही असं नाही. पण एखादी गोष्ट समजत नाही म्हणजे ती भयंकरच असते असं थोडंच आहे, असं त्यांनी स्वतःला सांगितलं. हे वाक्य ते वर्गातही सांगायचे.

६

डाव्या बाजूच्या घरात एक नर्सबाई राहायच्या. त्या रात्रपाळी करायच्या आणि दिवसा झोपायच्या. स्वभावाने लाख माणूस. रविवारी येऊन बायकोचं ब्लडप्रेशर बघून जायच्या आणि चहाला नाही म्हणायच्या नाहीत. त्या रविवारी त्यांनी पट्टा सोडला, "तरुण मुलीसारखं आहे, काकू," असं म्हटलं आणि मग कप हातात धरून बसून राहिल्या.

"सर, एक बोलू का? राग मानू नका. सकाळी आरवतो त्याचं काही नाही, तेव्हा मी जागीच असते. पण दुपारची ती हाक आहे ना. झोपेतून उठवते असं नाही. झोपेतच अंगावर काटा येतो. काल जागी झाले तर मी पलंगाखाली होते."

कुणीच हसलं नाही. मग नर्सबाईच हसल्या.

प्राध्यापक दुसऱ्या दिवशी जनावरांच्या डॉक्टरांकडे गेले. डॉक्टरांनी कापडी पट्टा दिला. कोंबड्याच्या गळ्याभोवती बांधायचा, फार घट्ट नाही; श्वास चालतो, खाणंपिणं चालतं, पण छातीत हवा भरून मोठा आवाज काढता येत नाही. शहरात पुष्कळ लोक वापरतात, म्हणाले.

"त्याचं तोंड नका हो बांधू," बायको म्हणाली.

"तोंड नाही. गळा. आणि थोडाच. आवाज बारीक होईल इतकंच."

"लोक मांजराच्या गळ्यात घंटा बांधायला निघतात. तुम्ही राखणदाराच्या गळ्यात बोळा घालताय."

"अगं, बाईंना झोप नको का? आणि तो कशापासून राखतोय ते तरी सांग. छतापासून?"

ती मुकादमाला मांडीवर घेऊन बसली, कारण दुसऱ्या कुणाला तो हात लावू देत नव्हता. प्राध्यापकांनी पट्टा बांधला. मुकादमाने धडपड केली नाही. तो फक्त तिच्याकडे पाहत राहिला.

"कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही," ती त्याच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली. ती म्हण तिने थट्टेतच म्हटली असावी. तिचा आवाज थट्टेचा होता का, हे त्यांना आठवत नाही.

७

पट्टा बांधल्यानंतरची दुसरी दुपार. प्राध्यापक स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी कप विसळत होते. खिडकी बंद होती. तिच्यावर पुढे आलेलं छप्पर असल्यामुळे त्या खिडकीतून परस सगळं दिसायचं, आभाळ मात्र दिसायचं नाही.

बायको मोठी पांढरी चादर वाळत घालत होती. वारा नव्हता. टांगलेल्या चकत्या सरळ लोंबत होत्या.

तेवढ्यात काळी, लंगडी आणि मास्तरीण एकाच क्षणी जमिनीला लागल्या. माना मातीवर ताणून, पंख आवळून. हाक ऐकू आली नव्हती. पट्टा उत्तम काम करतोय, हा प्राध्यापकांच्या मनात आलेला पहिला विचार. तो आला होता हे त्यांना पक्कं आठवतं. त्याबद्दल मात्र कधीच शंका नाही.

मग त्यांनी मुकादमाकडे पाहिलं. तो दोरीखाली होता. मान ताणलेली, चोच होती तेवढी उघडी, गळ्याची पिसं थरथरत होती. आवाज नाही. तो धावत तिच्या पायांत शिरला, पंख पसरले, पुन्हा चोच उघडली. ती त्याला काहीतरी म्हणाली, दातांत चिमटा असताना म्हणतात तसं, आणि चादरीची दुसरी कड उचलायला वाकली.

तिच्याभोवती जमिनीवर सावली होती.

आधी ती इतकी फिकट होती की ढग असावा असं वाटावं, पण अर्ध्या परसावर पसरलेली. मग तिच्या कडा आत येऊ लागल्या. पक्ष्याची सावली सरकते. ही सरकत नव्हती. बायकोला मधोमध धरून ती लहान होत होती, आणि जितकी लहान तितकी काळी, तितकी रेखीव. ज्याने कधी दिव्यापुढे हात धरून भिंतीवरची सावली पाहिली आहे, त्याला याचा अर्थ सांगावा लागत नाही. जे काही होतं ते खाली येत होतं.

प्राध्यापकांनी काच बडवली. "खाली बस!" ते ओरडले. "अगं, बस! खाली बस!"

ती वळली. काचेतून तिला ऐकू गेलं नसावं. तिने हात कानाशी नेला, भुवया उंचावल्या, काय म्हणता, अशी. ती हसत होती. ताठ उभी होती. तिने कबूल केल्याप्रमाणे.

मग चादर हलली. वारा आल्यावर कापड आडवं उडतं. ही चादर वरून दाबल्यासारखी खाली गेली, दोरीसकट, जमिनीपर्यंत, आणि मध्ये सगळं पांढरं झालं. ती पुन्हा वर आली तेव्हा दोरी हिंदकळत होती आणि बायको कपडे धुवायच्या दगडापाशी पडली होती. परसात ऊन होतं. सावली नव्हती.

ते दाराकडे धावले. कडी निघेना. ती त्यांनीच लावली होती, नेहमीसारखी घट्ट.

८

मेंदूतली रक्तवाहिनी फुटली, असं इस्पितळातल्या डॉक्टरांनी सांगितलं. संध्याकाळच्या आत सगळं संपलं. नर्सबाई दाराशी उभ्या राहून रडत होत्या. "प्रेशर चांगलं होतं हो, सर. पण असं होतं. कुणालाही होतं." प्राध्यापकांनी ते मान्य केलं. सावलीबद्दल ते कुणाशी बोलले नाहीत. घाबरलेल्या म्हाताऱ्याने बंद काचेतून, ओल्या हातांनी पाहिलेली गोष्ट. ते स्वतः अशा साक्षीला किती गुण देतील?

तिच्या पायात एकच चप्पल होती. दुसरी परसात सापडली नाही. पुढे छप्पर साफ करायला माणूस आला तेव्हा त्याने ती वरून खाली टाकली. छपराच्या अगदी कण्यावर होती, म्हणाला, नीट ठेवल्यासारखी. लेक म्हणाली, "बोक्याने नेली असेल, बाबा." प्राध्यापक "असेल" म्हणाले. कानतुट्या केव्हाच येईनासा झाला होता, हे त्यांनी तिला सांगितलं नाही. तिला तेवढ्याशा आधारावर झोप लागत होती.

मुकादमाचा पट्टा त्यांनी त्याच रात्री काढून फेकायला घेतला होता, पण फेकवला नाही, फडताळात ठेवला. कोंबड्या नर्सबाईंच्या बहिणीने नेल्या. कोंबडा नको म्हणाली, तिच्याकडे एक होता; एका कामावर दोन मुकादम टिकत नाहीत. तेव्हा तो मागे राहिला. परसात तो एकटा आणि घरात हे एकटे.

प्राध्यापकांना वाटलं होतं, आता तो गप्प होईल. कुणासाठी ओरडायचं? पण सकाळी तो बाहेर यायचा, उंबऱ्यावर थांबायचा, आभाळ पाहायचा, आणि मग बाजूला होऊन वाट द्यायचा. दाणे टाकले की एखादा उचलून दोरीखाली न्यायचा. टुक टुक टुक. दाणा खाली टाकायचा आणि मान वर करायचा. कोंबडीच्या उंचीला नाही. त्याहून पुष्कळ वर. मग समाधान झाल्यासारखा बाजूला व्हायचा. दोरीखाली तसे दाणे साचत गेले आणि मुंग्या ते नेत राहिल्या.

आणि दुपारी ती लांब हाक यायची.

सवय, प्राध्यापक स्वतःला म्हणायचे. घड्याळ बंद पडेपर्यंत चालतंच. ते खिडकी लावून घ्यायचे. मग पडदाही ओढू लागले. मग दुपारी पुढच्या खोलीत जाऊन बसू लागले, तरी ऐकू यायचंच.

नर्सबाईंनी तक्रार केली नाही. एकदा कुंपणापाशी थांबून हळूच विचारलं मात्र. "सर, हा आता कुणाला हाक मारतो हो?"

त्या दिवशी प्राध्यापकांनी फडताळातून पट्टा काढला. बाईंच्या झोपेसाठी, असं त्यांनी मनाशी म्हटलं. मुकादम या वेळीही धडपडला नाही. मांडीवर घ्यायला कुणी नव्हतं, तरी त्याने हात लावू दिला. गाठ बसली तेव्हा त्याने त्यांच्याकडे पाहिलंदेखील नाही. तो दोरीकडे पाहत होता.

त्यानंतर दुपारी शांतता असायची. एकदाच त्यांनी पडद्याची कड सारून पाहिलं. मुकादम दोरीखाली, पंख पसरून, चोच उघडून उभा होता. त्यांनी पडदा सोडला.

थंडीत एका सकाळी तो खुराड्यात नव्हता. दोरीखालीच मिळाला, पंख तसेच पसरलेले. जणू कुणाला पोटाखाली घेतलं होतं. खाली काही नव्हतं.

९

पुढे लेकीने त्यांना आपल्याकडे नेलं. उंच इमारतीतलं घर, परस नाही, दोरी बाल्कनीत. तिथे बरीच वर्षं गेली. एका सुट्टीच्या दिवशी लेकीची मैत्रीण जेवायला आली होती. ती पक्ष्यांच्या आवाजांवर काम करायची. प्राध्यापकांनी विचारायचं नाही असं ठरवलं होतं आणि ताटं उचलायच्या आत विचारलंच.

"कोंबड्यांवर तर ढीगभर काम झालंय, काका," ती म्हणाली. "तुम्ही म्हणता तशा दोन वेगळ्या हाका असतातच. काकूंनी बरोबर ओळखलं होतं. वरून येणाऱ्याची वेगळी."

"आणि कोंबडा एकटा असेल तर?"

"तर नाही ओरडत."

"म्हणजे त्याला भीती वाटत नाही?"

"भीती वाटते ना. दबकतो, लपतो, वर बघत राहतो. पण हाक देत नाही. ऐकणारं आपलं कुणी जवळ असलं तरच देतो. पिंजऱ्यात एकटा ठेवून वरून घारीचं चित्र सरकवून पाहिलंय लोकांनी. एकटा असला की गप्प."

"माझा ओरडायचा," प्राध्यापक म्हणाले. "शेवटी शेवटी. परस रिकामं होतं."

"मग रिकामं नसेल, काका," ती सहज म्हणाली आणि ताट उचललं. "कुणाची तरी चुकलेली कोंबडी असेल आसपास. तुम्हाला दिसली नसेल. त्याला दिसत असणार."

"आणि सवय? नुसती सवय असू शकते?"

"एखाद्या वेळी चुकतो तो. पान उडालं तरी फसतो. पण रोज?" तिने लेकीकडे पाहिलं. लेक डोळ्यांनीच तिला थांबवत होती. "तुम्ही किती बारकाईने आठवता हो, काका," असं म्हणून तिने विषय बदलला.

एकीच्या सांगण्यावर विश्वास ठेवायचा नाही, ही सवय जात नाही. प्राध्यापकांनी तिच्याकडून लेख मागवून घेतले आणि भिंग घेऊन वाचले. वाचताना त्यांना फक्त एक अपवाद हवा होता, एकटा असताना ओरडलेला एक तरी कोंबडा. आणखी लेख मागवले. लेक म्हणाली, "बाबा, पुरे आता." ते वाचत राहिले.

ती मुलगी म्हणाली ते खरं निघालं. एकटा कोंबडा वर पाहतो, दबकतो, लपतो. आभाळाची हाक तो एकटा असताना देत नाही.